कलर क्लासिकचा दुसरा बोर्ड
अ‍ॅपलच्या १९९३च्या कलर क्लासिक या संगणकामधला १६ मेगाहर्ट्‌झचा मुख्य बोर्ड मागून सरकवून बाहेर काढता येतो आणि त्याच जागी अ‍ॅपलच्याच एलसी ५७५चा ३३ मेगाहर्ट्‌झचा बोर्ड नीट बसतो. अशाने यंत्राचं अस्सलपण जातं, हा संग्राहकांचा आक्षेप मला पटत नाही. मॅकिंटॉश एसईला एसई/३०चा बोर्ड बसवण्याची सोय खुद्द कंपनीनेच दिली होती. म्हणजे ही अदलाबदल त्या यंत्रांच्या इतिहासातलीच आहे. शिवाय मूळ बोर्ड जपला, तर तो केव्हाही परत बसवता येतो (त्यातले गळके कपॅसिटर मात्र वेळीच बदलायला हवेत). ६४० बाय ४८० पिक्सेलच्या चित्रासाठी पडद्यामागच्या अ‍ॅनालॉग बोर्डाला डाख देण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण तिथे मूळ जोडण्यांतच फेरफार होतो.