आधी घोट, मग साखर

लग्नाच्या हॉलमधली कॉफी आठवते ना? फुस्स आवाज करणारं स्टीलचं यंत्र, दूध, इन्स्टंट कॉफी, साखर, वाफेनं वर आलेला फेस आणि त्यावर चॉकलेट पावडरची चिमूट. आपण वर्षानुवर्षं तिलाच ‘एक्स्प्रेसो’ म्हणत आलो. म्हणून माझ्या मावशीनं कॅफेत बसल्या बसल्या यादीतली सगळ्यात स्वस्त एस्प्रेसो मागवली. आला तो भातुकलीतला वाटावा असा कप, तोही अर्धा रिकामा. एक घोट घेतला आणि काढा प्यायल्यासारखं तोंड झालं. “काकू, ही अशीच असते,” पोरगा म्हणाला. मावशीनं साखरेच्या चार पुड्या ओतल्या, तरी निम्मी कॉफी तशीच राहिली.

मावशीचं काहीच चुकलं नव्हतं. लग्नातल्या यंत्रात वाफ दुधात सोडतात. खऱ्या एस्प्रेसोत गरम पाणी जोरात दाबून बारीक दळलेल्या कॉफीतून काढतात. इटलीतलं रूढ माप असं: 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, साधारण 25 सेकंद, आणि हाती येते फक्त 25 मिलिलिटर कॉफी. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ चौपट. आधीची यंत्रं नुसत्या वाफेच्या जोरावर चालत, त्यामुळे कॉफी जळकट लागे. दुसरं महायुद्ध संपल्यावर मिलानच्या अकिले गाजियानं दांडा ओढून दाब देणारं यंत्र बाजारात आणलं आणि कपावर ती तांबूस साय धरू लागली.

माझं सांगणं एवढंच, की साखरेची पुडी फोडण्याआधी एक घोट घ्या. त्याच्याही आधी चमच्यानं तळापासून ढवळा, कारण दाट भाग खाली बसतो आणि वरची साय नुसती चाखली तर कडूच लागते. जमलेली एस्प्रेसो आधी जरा आंबूस, मग कडू लागते आणि गिळल्यावर जिभेवर गूळ करपल्यासारखा गोडवा रेंगाळतो. कच्च्या कैरीसारखी झोंबली तर पाणी घाईनं उतरलंय. राखेसारखी कडू लागली तर फार वेळ रेंगाळलंय. दोन्ही वेळा परत द्यायला लाजू नका. पैसे मोजलेत.

यादीतली बाकीची नावं ऐकून बिचकायचं कारण नाही. मुळात ती एकच कॉफी. पाणी किती आणि दूध किती, एवढंच विचारा. रिस्त्रेत्तो म्हणजे तितक्याच पुडीतून कमी पाणी काढलेली, दाट आणि कमी कडू. लुंगो त्याच्या उलट, आणि मला विचाराल तर उगाच ताणलेली. अमेरिकानोत एस्प्रेसोला वरून गरम पाण्याची जोड असते. कोरा चहा पिणाऱ्यांना ती रुचेल. माकियातो या शब्दाचा अर्थच ‘डाग पडलेली’. काळ्या कॉफीवर चमचाभर फेसाळ दुधाचा डाग. कडूपणा राहतो, पण त्याची धार बोथट होते. (मोठ्या ग्लासात कॅरमेल घालून याच नावानं मिळतं ते वेगळं प्रकरण.) कापुचिनो दीडशे मिलिलिटरच्या आसपासच्या कपात शोभते, जाड, मऊ फेसातून कॉफी कळायला हवी. फ्लॅट व्हाइटमध्ये फेस पातळ आणि कॉफीचा जोर जास्त. ती आधी कुणी केली यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून भांडतात. लाते म्हणजे बहुतांशी दूधच, त्यामुळे लग्नातल्या कॉफीवर वाढलेल्यानं सुरुवात तिथून करावी. इटलीच्या सहलीला गेलात तर मात्र ‘काफे लाते’ असं पूर्ण म्हणा. नुसतं ‘लाते’ म्हणालात तर दुधाचा पेला समोर येईल. हेझलनट, व्हॅनिला वगैरे पाकांबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते मिठाईच्या दुकानाचं खातं.

आणखी एक सवय सोडा, “एकदम उकळती द्या” म्हणायची. चहाला ते शोभतं. इथं दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा ते आपसूक गोड लागतं. सत्तरच्या वर गेलं की उतू गेलेल्या दुधाचा वास येतो, फेस बसतो आणि मग साखर लागतेच.

शिवाय ही चव अगदीच परकी नाही. भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे, आणि आपली रोबस्टा तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत जाते, दाटपणा आणि ती साय आणायला.

मावशी आता माकियातो घेते, अर्धा चमचा साखर घालून. नाव काही तिच्या लक्षात राहत नाही. गल्ल्यावर जाऊन सांगते, “ती डागवाली दे रे.”