आधी डबे उघडा

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास शहरातल्या पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येतं : ‘घरात काहीच नाही.’ ते खरं नसतं. तांदूळ असतात, तूरडाळ असते, कणीक, बेसन, कांदा-लसूण असतो, एखाद्या डब्यात दाण्याचं कूट असतं. यातून अर्ध्या तासात पोटभर जेवण होईल, ही खात्री मात्र राहिलेली नाही. मग फोन हातात घेतला जातो, कुणीतरी मोटारसायकलवरून गरम डबा आणून देतं आणि फळीवरचे डबे तसेच बंद राहतात.

ही खात्री गेली, कारण आपण स्वयंपाक पदार्थाच्या टोकाकडून शिकू लागलो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ सांगितले. माहेरापासून लांब संसार मांडलेल्या कितीतरी जणींना त्या पुस्तकानं आधार दिला. ते ऋण मोठं आहे. पण पाककृती सुरू होते ती साहित्याच्या यादीनं, आणि यादीतली एक वस्तू नसली की नवशिक्याचा हात अडतो. मुरलेला हात उलट्या दिशेनं चालतो. काय आहे ते आधी बघतो, पदार्थ मागून ठरवतो. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा स्वयंपाकच अडल्यासारखी ओरड झाली. आमटीला आंबटपणा लागतो, टोमॅटोच लागतो असं नाही. चिंच चालते, आमसूल चालतं, आणि तेही नसेल तर आंबट ताकाची कढी करावी.

झटपट जेवण ही काही आजची गरज नाही. शेतातून दिवेलागणीला परतणाऱ्या घरालाही ते झटपटच लागत होतं. त्यासाठी वेळखाऊ काम आधीच उरकून ठेवलेलं असे. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळून ठेवतात. भाजल्यामुळे पीठ लवकर शिजतं आणि त्याचा उग्रपणाही जातो. लसणाची फोडणी, तिखट, दोन आमसुलं, पाणी. थंड पाण्यात कालवलेलं पीठ त्यात सोडून ढवळत राहिलं की भात होईतो पिठी तयार. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मराठवाड्यातला येसर, ताकात कालवायचं डांगर या सगळ्यांमागे हीच युक्ती आहे : भाजायचं आणि दळायचं निवांत दिवशी, म्हणजे घाईच्या वेळी चूल थोडकीच पेटते, डांगराला तर तीही नको. विदर्भातल्या उकडपेंडीला दळून ठेवलेलं खास पीठही लागत नाही. रोजचीच कणीक तेलात खमंग भाजायची, कांदा-मिरचीची फोडणी, ताकाचा किंवा पाण्याचा हबका, वर झाकण. वरणफळं म्हणा की चकोल्या म्हणा, फोडणीच्या वरणात कणकेचे तुकडे शिजले की एका पातेल्यात जेवण होतं, वर तुपाची धार.

आणि हे कसंतरी वेळ मारून नेणारं खाणं नव्हे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. पिठलं-भाकरी आणि पिठी-भात या जोड्या पोषणाच्या हिशोबातही पक्क्या आहेत. सोबत कच्चा कांदा, असली तर एखादी काकडी.

यात एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘आहे त्यात भागव’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या बाईलाच ऐकवलं गेलं. भागवायचं तिनं, आणि भागलं नाही तर कमी जेवायचंही तिनंच. या कौशल्याचं कौतुक करताना ते पुन्हा तिच्याच पदरात टाकायचं असेल, तर ते कौतुक नको. नोकरीवरून दमून आलेली बाई बाहेरून जेवण मागवते, तेव्हा तिला आळशी म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. घरात तिच्याशिवाय कुणाला पिठलं येत नाही, ही त्या घराची अडचण आहे. पुण्यात खोली घेऊन राहणारा मुलगा खानावळ बंद असलेल्या रात्री बिस्किटांवर झोपतो, कारण कणीक आणि कांदा समोर असताना काय करायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

ते दाखवण्याची जागा आपल्याकडे आहे. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. आठवी-नववीच्या मुलामुलींना, दोघांनाही, त्या तासाला वरण-भात, पिठलं, उकडपेंडी आणि थालीपीठ एवढं करायला शिकवावं. एक शेगडी, एक कढई, एक पातेलं आणि शेजारी उभे असलेले शिक्षक, एवढी सोय अवघड नाही. परीक्षेत पाककृती लिहायला सांगू नये. समोर पाच-सहा डबे ठेवावेत, एखादा मुद्दाम रिकामा ठेवावा, आणि अर्ध्या तासानं ताटात काय आलं ते शिक्षकांनी वर्गाबरोबर बसून जेवावं.