‘२४ तास प्राणवायू’ आणि शाळेतले विज्ञान



पाऊस सुरू झाला की आपल्या अंकात शाळाशाळांतल्या वृक्षारोपणाची छायाचित्रे येऊ लागतात. या आठवड्यातल्या अशाच एका छायाचित्रातला फलक वाचून संताप आला. ‘पिंपळ लावा, २४ तास प्राणवायू मिळवा!’ फलक धरून उभी मुले हायस्कूलची, शेजारी त्यांचे शिक्षक, मध्यभागी प्रमुख पाहुणे. एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पिंपळ रात्री प्राणवायू देत नाही. कुठलेच झाड देत नाही. प्रकाशसंश्लेषणात प्राणवायू सुटतो तो पाण्याच्या विघटनातून आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो, म्हणजे प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. निवडुंगासारख्या वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरे, पण प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात. पिंपळ लावावा, जरूर लावावा. त्यासाठी मुलांच्या हातात खोटे विज्ञान कशाला?

हा २४ तासांचा गैरसमज एका तासिकेत मोडता येतो. तळ्यातले हायड्रिला चंचुपात्रातल्या पाण्यात ठेवायचे, त्यावर नरसाळे उपडे घालायचे, नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी बसवायची. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. पात्र उन्हात ठेवले की थोड्याच वेळात देठाच्या कापलेल्या टोकातून बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढू लागतात. सावलीत नेले की ते मंदावतात. वर काळे कापड टाकले की थांबतात. मग वर्गाला विचारावे, रात्री काय होत असेल? स्वतःच्या डोळ्यांनी हे पाहिलेला मुलगा तसला फलक हातात धरणार नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे, म्हणून ठामपणे सांगते की अडचण पैशांची नाही. नरसाळे आणि परीक्षानळी बहुतेक शाळांच्या कपाटात धूळ खात पडलेली असते. अडचण अशी की शिक्षकाने हा प्रयोग स्वतः कधी केलेलाच नसतो. विज्ञान शिकवणारे कितीतरी जण गणित किंवा भौतिकशास्त्राचे पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी त्यांचा संबंध बारावीतच सुटलेला असतो. पानातला स्टार्च तपासण्यासाठी पान स्पिरिटमध्ये उकळायचे म्हटले की आगीच्या भीतीने प्रयोगच रद्द होतो, कारण स्पिरिट थेट ज्योतीवर न धरता गरम पाण्याच्या पात्रात ठेवून तापवायचे, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते. आणि प्रशिक्षण म्हणावे तर पडद्यावर चित्रफिती, चहा, हजेरीपटावर सही आणि गटाचे छायाचित्र. मी ज्या प्रशिक्षणांना बसले, त्यांत एक पानसुद्धा कोणाच्या हातात आले नाही. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे आहेत. पण किती शाळांत प्रयोगवही फळ्यावरूनच उतरवली जाते, हे शिक्षण खात्याला माहीत नाही का?

याच राज्याने २०१९ साली ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. कोटींत रोपे मोजणाऱ्यांना वर्षातून दोन दिवस विज्ञान शिक्षकांना प्रयोगशाळेत बसवणे जड का जावे? तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो, सूक्ष्मदर्शक असतात, सुट्टीत ती खोली रिकामीच असते. तिथे शिक्षकांनी स्वतःच्या हाताने कांद्याचा पापुद्रा सोलावा, जास्वंदीचा अंडाशय आडवा कापून बीजांडे मोजावीत, हायड्रिलाचे बुडबुडे पाहावेत. जे हात हे करतील तेच हात मुलांना शिकवतील.

जाता जाता आणखी एक. रोपे लावायची ती शाळेत माती कुठे उरली आहे? पटांगणभर पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात कुंडीतली शोभेची झाडे. ताम्हण हे आपले राज्यपुष्प, पण त्याचे झाड आवारात किती शाळांच्या मुलांना दाखवता येईल?

शिक्षण खात्याला एवढेच सांगणे आहे की यंदा रोपांसोबत छायाचित्रे मागू नका. प्रत्येक शाळेकडून हायड्रिलाचा प्रयोग झाल्याची, मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद मागा. आणि ते फलक आधी उतरवा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली