पातळ थराची लांब परीक्षा

हायड्रोजनचा विषय निघाला की डोळ्यांपुढे बस आणि टाक्या येतात. सिरॅमिक इंधनघटाचे भवितव्य मात्र केसाहून पातळ थरांवर ठरते, आणि त्यांच्या टिकाऊपणाकडे आपले धोरण पुरेसे पाहत नाही.

या घटात इंधन जळत नाही. एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू सोडला की रासायनिक क्रियेतून थेट वीज मिळते. मधला थर बहुधा यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा असतो. त्यातून ऑक्सिजनचे आयन जावेत, वायू जाऊ नये. म्हणून तो घट्ट, अच्छिद्र हवा. दोन्ही अंगांचे इलेक्ट्रोड मात्र जाळीदार हवेत, कारण वायू आत पोहोचला तरच क्रिया होते. मधला थर १५० मायक्रॉनवरून १० मायक्रॉनवर आला की आयनांची वाट आखडते आणि घट १,००० ऐवजी सुमारे ७०० अंश सेल्सिअसला चालतो. मग घटांच्या जोडणीसाठी पोलादही चालते.

असे थर देता येतात ते फवारणीने, छपाईसारख्या पद्धतीने किंवा लेझरने. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणीच्या तंत्राची जुनी परंपरा आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असे घट तयार होतात. क्ष-किरणांनी स्फटिकरचना कळते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून छिद्रे दिसतात. पण ही ताज्या थराची तपासणी झाली.

खरे दुखणे सावकाश येते. हवेकडील इलेक्ट्रोडमधले स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी संयोग पावते आणि आयनांची वाट अडवणारा पापुद्रा तयार होतो. तो टाळण्यासाठी मध्ये सेरियाचा थर द्यावा लागतो. पोलादातून उडणारे क्रोमियम इलेक्ट्रोड निकामी करते. इंधनाकडील निकेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. हे कळायला हजारो तास जावे लागतात.

वीजसंचातील घट ४०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षे टिकावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाला सहसा तीन वर्षे मिळतात. त्यांचे तास भरतात जेमतेम २६,०००. परीक्षा संपण्याआधीच शाळा बंद!

तापमान वाढवून चाचणी लवकर उरकता येईल, असे कोणी म्हणेल. पण जास्त उष्णतेत वेगळ्याच क्रिया सुरू होऊ शकतात. झटपट चाचणी खरी ठरली की नाही, हे सांगायलाही लांब चाचणीच लागते.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाच्या १९,७४४ कोटींपैकी संशोधनासाठी ४०० कोटी आहेत, म्हणजे सुमारे दोन टक्के. त्यातूनच रात्रंदिवस चालणारी सामाईक चाचणी केंद्रे उभारावीत, प्रकल्पांना पाच-सहा वर्षांची मुदत द्यावी आणि बिघडलेल्या घटांचे निष्कर्षही प्रसिद्ध करावेत. पहिल्या दिवशी किती वीज मिळाली यापेक्षा पाचव्या वर्षी किती मिळते, हे विचारायला आपण शिकले पाहिजे.