सामाईक घर आणि सूर्यास्त

शिक्षणासाठी माद्रिदला गेलेल्या जैन विद्यार्थ्याला बहुधा अनोळखी सोबत्यांसह एकाच सदनिकेत राहावे लागते. करारपत्र, अनामत रक्कम, नगरपालिकेतील रहिवासनोंद ही कामे कागदावर उरकतात. खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. तेथील बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडीही असतात आणि तवा सर्वांचा एकच. म्हणून आपली भांडी वेगळी ठेवण्याचे कारण पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे. न सांगितलेला नियम सोबत्यांना तुसडेपणा वाटतो.

१९४० पासून स्पेनची घड्याळे मध्य युरोपच्या वेळेने चालतात. त्यामुळे माद्रिदला जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये मात्र सायंकाळी सहापूर्वीच. चौविहार पाळणाऱ्याने उन्हाळ्यात सोबत्यांच्या पंगतीत जेवावे. हिवाळ्यात आधी जेवून, त्यांच्यासोबत गप्पांना बसावे. व्रतही राहते, स्नेहही.