बोटीला गंज लावायचा की नाही?

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की मुलं काहीतरी उद्योग काढतात आणि आपल्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना होतो. आमच्या चिरंजीवांनी यंदा ‘विक्रांत’ करायला घेतली. आपली जुनी विमानवाहू युद्धनौका हो! लाकडाची नि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची, खरीच्या साडेतीनशेपट लहान. खरी बोट सुमारे 213 मीटर लांब, म्हणजे आमची झाली दोन फूट. महिनाभर आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवलो!

बोट झाली, राखाडी रंग लागला, दिसायलाही देखणी दिसू लागली. तर चिरंजीवांनी तिच्या अंगावर तपकिरी रंगाचे ओघळच्या ओघळ सोडले. म्हणे, “आई, समुद्रातली बोट अशीच असते, गंजलेली.” हे म्हणाले, “एवढा छान रंग दिलास, मग घाण कशाला केलीस?” झालं, बापलेकांची जुंपली. माझे सासरे मात्र काहीच बोलले नाहीत. बोटीकडे एकदा पाहिलं आणि उठून आत गेले. रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

मामंजी 1971 साली ह्याच बोटीवर होते. सकाळी चहा देताना मी हळूच विषय काढला. म्हणाले, “अगं, आम्ही रोज गंज खरवडायचो आणि रंग द्यायचो. इतका गंज मी तिच्यावर एकदाच पाहिला, दारूखान्याला.” विक्रांत 1997 साली नौदलातून निवृत्त झाली. मग मुंबईला संग्रहालय म्हणून उभी होती आणि 2014 साली दारूखान्याला मोडीत निघाली. नातवाने हौसेने केलेल्या बोटीत आजोबांना तेच दिवस दिसले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गंज चांगला की कोरा रंग चांगला, हे भांडण आधी करायचंच नाही. आधी ठरवायचं, ही बोट कुठल्या दिवसाची? समारंभासाठी बंदरात सजून उभी असेल, तर रंग कोरा हवा. बरेच दिवस समुद्रावर असेल, तर थोड्या खुणा हव्यात. मोडीत निघालेली असेल, तर गंज हवाच.

संध्याकाळी मी नातवाला आजोबांशेजारी बसवलं. ठरलं, डिसेंबर 1971! त्या 4 तारखेला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले होते. मामंजींनी बोटाने दाखवलं. नांगराची साखळी घासते तिथे बारीक ओघळ, पाण्याच्या रेषेशी मिठाची पांढुरकी कड, वरच्या डेकवर विमानांच्या चाकांचे काळपट पट्टे. बाकी अंग स्वच्छ.

तुमच्याकडे असा कारखाना सुरू असेल, तर ह्या गोष्टी मुलांना जरूर सांगा.

आधी माप. ह्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या बोटीवर 35 सेंटिमीटर. आमच्या चिरंजीवांचा ओघळ तीन मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या बोटीवर मीटरभराहून जास्त! म्हणून ओघळ केसासारखा बारीक हवा.

मूळ रंग पूर्ण वाळू द्या. मग तपकिरी रंग ताकासारखा पातळ करून टोकदार ब्रशने टिंब द्यावं आणि जरा ओलसर ब्रशने ते वरून खाली ओढावं. ओघळ नेहमी खालीच जातो, आडवा नाही. चाकांच्या पट्ट्यांसाठी ब्रश रंगात बुडवून फडक्याला पुसून घ्यावा आणि जवळजवळ कोरडाच फिरवावा.

साडीचा रंग जातो का ते आपण कोपरा भिजवून पाहतो ना, तसं आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघावं. आणि हात आखडता ठेवावा. खुणा नंतर वाढवता येतात, पुसता येत नाहीत. आमच्याकडे अख्खी बाजू पुन्हा राखाडी करावी लागली!

शेवटी बोट काचेच्या पेटीत ठेवा. फडक्याने झटकू नका, बारीक तारा नि डोलकाठ्या मोडतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा.

आमची बोट आता मामंजींच्या खोलीत आहे. धूळ तेच काढतात. मला हात लावू देत नाहीत!