वाशाचे गणित

कोकणात कौलारू छपराचा सांगाडा चढवताना सुताराची खरी कसोटी लागते ती कोनवाशापाशी. साधा वासा काढणे सोपे. भिंतीपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर १२ फूट आणि उंची ५ फूट असेल, तर वासा भरतो १३ फूट. पण दोन पाखी कोपऱ्यात मिळतात तिथला कोनवासा तिरका जातो. दोन्ही पाख्यांचा उतार सारखा असेल, तर त्याची लांबी होते सुमारे १७ फूट ८ इंच. पागोळीसाठी बाहेर काढायचा भाग वेगळाच. इथे अंदाजाने करवत चालवली, की सागाचा अख्खा वासा वाया.

हे गणित आकृत्यांसह उलगडून दाखवणारे पुस्तक म्हणूनच मोलाचे. लाकडाचा पीळ ओळखणे, गाठ सांभाळून रंधा मारणे हे मिस्त्रीच्या हाताखालीच शिकावे लागते, यात वाद नाही. पण कामाच्या घाईत मिस्त्री ‘इथे काप’ एवढेच सांगतो. इथेच का, हे पुस्तकात निवांत समजून घेता येते आणि अडले की पुन्हा उघडून पाहता येते. सुतारकामात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या भाषेत असे पुस्तक मिळायला हवे. या अंकापासून सुरू होणारी छपराच्या कामावरची सचित्र लेखमाला त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. पेन्सिल आणि गुण्या हाताशी घेऊनच ती वाचा.

— संपादक